पंधरा दायांचं अंडं

गोपिकाच्या माश्या एप्रिलभर तगल्या हेच नवल. नागपूरच्या उन्हात फळमाशी वांझ होते, म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेत वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरसमोर आठ बाटल्या मांडलेल्या. त्यांच्या वेळा सांभाळता सांभाळता घरी दीड वर्षाची छकुली आजीच्याच मांडीवर वाढली.

गोपिकाला पीएच.डी.साठी दाखवायचं होतं ते एवढंच. माशीच्या एका अंड्याला पंधरा दाई-पेशी पोसतात आणि शेवटी आपल्यातलं असेल नसेल ते त्याच्यात ओतून मरतात. पेशीला ताणून धरणारे अ‍ॅक्टिनचे धागे त्यांच्यात सगळीकडे असतात, फक्त केंद्रकात नसतात, असं पुस्तकं सांगत. गोपिकाला मात्र मार्चमध्ये दोन दायांच्या केंद्रकात ते दिसले होते. तिचे गाईड मनोहरराव म्हणाले, भोवतीच्या स्नायूचा कचरा असेल, नाहीतर माशीला ऊन लागलं असेल. धडधाकट माशीत पुन्हा दाखव, मग प्रबंधात प्रकरण लिही. अ‍ॅक्टिनला चिकटून हिरवं चमकणारं द्रावण बंगलोरहून मागून आणलेलं. ते आता एकाच खेपेपुरतं उरलं होतं, आणि जूनमध्ये तिची प्रबंधाची मुदत संपत होती.

मे लागला आणि माश्यांच्या खाण्याचं मक्याचं पीठ संपलं. कॉलेजला सुट्ट्या, भांडाराला कुलूप. तिनं सासूकडे ज्वारी मागितली. रंभाबाई पारशिवनीच्या, माहेरची ज्वारी कोठीत भरलेली. त्या हसल्या.

"आता माशाईचाबी सैपाक करतं का वं? लेकराचा तं माह्याच गळ्यात हाय."

टोमणा खरा होता. गोपिकानं स्वतःच कोठीतून ज्वारी काढली, चक्कीवरून दळून आणली, गुळात शिजवून बाटल्यांत ओतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठही बाटल्यांत माश्या उताण्या पडल्या होत्या. कूलर चालू, पारा पंचविसावर. तिनं पिठाचा डबा नाकाशी नेला. कुबट, औषधी वास आला. साठवणीच्या ज्वारीला किड्यांची पावडर चोळतात, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण घरची ज्वारी रंभाबाई दुपारी धुऊन गच्चीवर वाळवत, आणि दुपारी गोपिका कायम प्रयोगशाळेत. तिच्या पुढ्यात यायची ती भाकरीच; दळण्याआधी धुवायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

एका बाटलीत एक मादी अजून पाय झाडत होती. गोपिकानं तिला काढली, सुईच्या टोकानं अंडाशय सोडवलं, वरचा स्नायू केसाकेसानं सोलून काढला आणि उरलेलं सगळं द्रावण त्यावर घातलं.

दुपारनंतर काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पंधराच्या पंधरा केंद्रकांत हिरवे धागे होते, मार्चपेक्षा ठसठशीत.

तिनं बोलावल्यावर मनोहररावांनी डोळा लावला तो बराच वेळ काढला नाही. मग मायेनं म्हणाले, "स्नायूचा कण नाही, गोपिका. हे आतलंच आहे. माशी धडधाकट होती ना?"

खोलीत तिसरं कोणी नव्हतं. बाटल्या तिनं धुऊन पालथ्या घातल्या होत्या. एक 'हो' पुरला असता.

"नाही सर. पिठात विष होतं. मरत होती ती."

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. "मग हे धागे दाईचे की विषाचे, कोण सांगेल?" म्हणाले, आणि सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवला. प्रकरणाचं नाव दोघांनीही काढलं नाही. तिनं काचेच्या चिठ्ठीवर तारीख घातली, खाली 'विषबाधा' लिहिलं आणि काच डब्यात ठेवली.

घरी छकुली दारातच भाकरीचा तुकडा चघळत बसली होती. गोपिकानं तो तिच्या मुठीतून ओढला, वास घेतला. पोर भोकाड पसरून रडली.

"तिच्या तोंडचा घास काहून काढतं वं?" रंभाबाई आतून आल्या. सुनेच्या नाकाशी तुकडा पाहून आवाज उतरला. "जवारी तीन पाण्यानं धुतली हाय मी. दोन दिवस वाळवली. लेकराच्या पोटात जाते ते."

गोपिकानं तुकडा परत दिला. ओला होता. छकुलीनं आधी आईकडे पाहिलं, मग आजीकडे सरकून तो तोंडात घातला.