आडव्या डोळ्यावरची खूण

आज तोंड उघडायचं नाही, असं सुनेने सकाळपासून स्वतःला बजावलं होतं. तान्ही लेक कडेवर, खांद्यावर दुपटं, आणि समोर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी चाकांच्या खाटेवर सासूबाई. मोतीबिंदू काढायचा होता, आणि त्याच वेळी बुबुळाच्या कडेला बारीक छेद देऊन सिलिंडरचा, म्हणजे बुबुळाच्या तिरकेपणाचा, नंबरही उतरवायचा होता. जन्मभर इमारतींचे नकाशे काढलेल्या बाईला सरळ रेघ वाकडी दिसायला लागली, तरी घरात तक्रारीचा शब्द नाही. चहा कपाबाहेर ओतला जायला लागला, तेव्हा कुठे सुनेच्या ध्यानात आलं.

मोठ्या डॉक्टरांनी तपासणीच्या दिवशी नीट समजावलं होतं. माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत जरासा फिरतो. म्हणून आधी बसवून, समोर बघायला लावून, बुबुळाच्या कडेला शाईचे ठिपके द्यायचे आणि छेदाची जागा त्यांवरून धरायची. जागा चुकली, तर तिरकेपणा जायचा राहिला बाजूला, उलट वाढायचा.

आज ठिपके बसवूनच दिले होते. पण सासूबाईंना टापटिपीचं वेड. गालावर निळं पाणी ओघळलं, तशा त्या उठल्या आणि बेसिनवर डोळा खळखळून धुऊन आल्या. "शाई फासून का जायचं आत?" म्हणाल्या, आणि खाटेवर आडव्या झाल्या.

शिकाऊ डॉक्टरने बॅटरी मारून पाहिलं. "खुणा गेल्या की." आणि वाकून, आडव्या डोळ्यावरच पेनाने नवीन ठिपके दिले.

"अहो डॉक्टर, त्यांना बसवा ना आधी."

"असू दे ताई. एकोणीस-वीसचा फरक."

"कुणाच्या डोळ्यात?"

नर्स हसली. "आजकाल सगळेच मोबाइलवर डॉक्टर होतात."

सुनेने खांद्यावरचं दुपटं सारखं केलं. कडेवर मूल असलेल्या बाईचं बोलणं म्हणजे रडण्याचाच एक प्रकार, हे या लोकांना कुणी शिकवलं कोण जाणे.

"अगं, गप्प बस," सासूबाई कुजबुजल्या. "सुरी त्यांच्या हातात आहे. भांडून पाठवतेस का मला आत?"

"सुरी आहे म्हणूनच बोलतेय, आई. टेबलावर कागद फिरला, आणि खूण त्यानंतर केली, तर तुमची भिंत कुठे जाईल?"

"शेजाऱ्याच्या अंगणात," सासूबाई म्हणाल्या, आणि कोपरावर जोर दिला. "उठव मला."

"आजी, वेळ होतोय. झोपा बघू," शिकाऊ डॉक्टर म्हणाला.

"बाळा, घाईतला नकाशा मी साहेबाच्या टेबलावर परत ठेवून यायची."

आवाजाने मोठे डॉक्टर बाहेर आले. सासूबाई ताठ बसल्या होत्या. डॉक्टरांनी काय झालं ते ऐकलं, त्यांना समोर बघायला सांगून स्वतः ठिपके दिले. सुनेने मान पुढे काढून पाहिलं. शिकाऊ डॉक्टरचे ठिपके तिथेच होते, नव्यांपासून चांगले लांब. मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही पाहिले.

"हे तुमचे पुसा," ते शिकाऊ डॉक्टरला म्हणाले. खाट आत गेली.

"ताई, आता बाहेर बसा," नर्स म्हणाली.

पुढच्या खाटेवर एक आजोबा आडवे झाले होते, आणि तेच पेन घेऊन शिकाऊ डॉक्टर त्यांच्याकडे वळला होता. सुनेने लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"जाते," ती म्हणाली. "आधी यांना बसवलेलं बघते."