हिरव्या कोपऱ्याची कार्डं

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खण आहे. कपडे ठेवायचा नव्हे, की चमचे-सुऱ्या ठेवायचाही नव्हे. माझ्यात माणसं ठेवायचे. म्हणजे माणसांची कार्डं, एकेकावर एकेक नाव. अशी अठराशे चाळीस कार्डं माझ्या पोटात आहेत आणि आजवर त्यातलं एकही हरवलेलं नाही. हे मी जरा मिरवूनच सांगतो.

मला स्कार्नेस बंदरातल्या एका सुतारानं घडवलं. एरवी तो मासेमारी जहाजांवरच्या खलाशांची कपाटं करायचा, म्हणून माझे सांधे पक्के. त्र्याहत्तर सालच्या ऑक्टोबरात पोलिसांनी मला घाईघाईनं उचलून नेलं, कारण गावात एका मुलीचा खून झाला होता. मेविस हॉल्डर तिचं नाव. वय एकोणीस. ती मासे साफ करायच्या शेडमध्ये कामाला होती. गुरुवारी संध्याकाळी ती घरी परतलीच नाही आणि शुक्रवारी सकाळी जाळी विणायच्या शेडमागे सापडली.

आमच्या बंदरात पोलीस मोजकेच. तपासाला डोंगराकडच्या मोठ्या शहरातून माणसं आली. हुशार होती, कष्टाळूही होती. दारोदार फिरून त्यांनी बूट झिजवले. पण गावातले निम्मे पुरुष तर समुद्रावर! त्यांचं काय करायचं? साहेबांनी मासेमारी कंपन्यांकडून जहाजांच्या याद्या मागवल्या. त्या गुरुवारी ज्याचं नाव समुद्रावरच्या यादीत होतं, त्याच्या कार्डाचा कोपरा हिरव्या पेन्सिलीनं रंगवला. हिरवा कोपरा म्हणजे हा माणूस सुटला, याला विचारायची गरज नाही. सहाशे चार कार्डं अशी सुटली.

सुरुवातीला माझं काय कौतुक होतं! मोठे साहेब पाहुण्यांना मला उघडून दाखवायचे. दोन वर्षांनी पाहुणे थांबले, मग साहेबही गेले. मला तळघरात बॉयलरशेजारी नेऊन ठेवलं. नाताळच्या माळांचं खोकं कुणीतरी माझ्या डोक्यावर ठेवून दिलं आणि दरवर्षी फक्त ते खोकं तेवढं वर जाऊन परत यायचं. संगणक आले. नव्या गुन्ह्यांची नावं त्यांच्यात गेली, माझ्याकडे कोण बघतो? मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. माझ्यासाठी नाही, मेविससाठी.

छत्तीस वर्षं अशी गेली आणि मग ऑड्री प्लास्केट तळघरात उतरली.

ऑड्री पोलीस नव्हती. तिला गणवेश नव्हता, कुणाला अटक करायचा अधिकार नव्हता. आयुष्यभर तिनं शाळेला दांड्या मारणारी मुलं घरोघर जाऊन शोधली होती. आता न सुटलेले खून पुन्हा तपासायला पोलिसांनी तिला नोकरीवर घेतलं होतं. गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘नागरी तपासनीस’ असं लिहिलेलं, आणि वाचताना मोठ्यानं बोलायची सवय. त्या सवयीमुळेच मला पुढचं सगळं कळलं.

पहिल्याच दिवशी इन्स्पेक्टर ब्रॅडवेल जिन्यावरून म्हणाले, “सहा आठवडे, ऑड्री. मग आपण नव्या इमारतीत, आणि हे सगळं गोदामात. एकदा तिकडे गेलं की गेलंच म्हणून समज.”

“मग सहा आठवडे मला हाक मारू नका, साहेब.”

“चहालासुद्धा नाही?”

“चहा खाली पाठवा.”

कार्डं वाचायच्या आधी ती मेविसच्या आईला भेटून आली. एडना हॉल्डर तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांनी ऑड्रीला सरळच विचारलं होतं, “आजवर सात साहेब येऊन गेले, पोरी. सगळे चहा पिऊन गेले. तूही पी. पण मी काही आता फार दिवस नाही. कोणी केलं, एवढं मला जायच्या आधी कळेल का?” ऑड्रीनं ‘हो’ म्हटलं नाही. ‘मी पहिल्या कार्डापासून वाचते,’ एवढंच म्हणाली.

आणि खरोखरच तिनं पहिल्यापासून वाचलं. हिरवी कार्डंही सोडली नाहीत. ब्रॅडवेल साहेब अधूनमधून डोकावायचे. “कुठवर आलीस?”

“नऊशेवर.”

“अशानं म्हातारी होशील.”

“ते झालेच आहे. आता वाचू द्या.”

चौथ्या आठवड्यात तिचा हात एका कार्डावर थांबला. गार्टन कुटुंबाच्या शेजारणीचं ते कार्ड. त्यावर लिहिलं होतं, ‘गुरुवारी पावणेदोनला मेविस आमच्या गल्लीतून कामावर गेली. नक्की आठवतं, कारण शेजारच्या रीटानं धुणं वाळत घातलं होतं आणि मेविस रीटाच्या नवऱ्याच्या शर्टांखालून वाकून गेली.’ तपासवाल्यांनी त्यातली फक्त वेळ अधोरेखित केली होती.

ऑड्रीनं लगेच रीटाच्या नवऱ्याचं, लेन गार्टनचं कार्ड बाहेर काढलं. हिरवा कोपरा. जहाज त्याच गुरुवारी पहाटेच्या भरतीला सुटलेलं.

ती धावतच वर गेली आणि साहेबांना हाताला धरून खाली घेऊन आली.

“धुणं?” साहेब म्हणाले. “शर्ट वाळत होते, म्हणून मी वरिष्ठांकडे जाऊ? हसतील गं मला.”

“तुम्ही डोंगराकडचे, तुम्हाला काय कळणार! माझा बाप खलाशी होता. नवरा समुद्रावर निघाला की त्या दिवशी इथली बाई त्याचा पायमोजासुद्धा धूत नाही. धुतलं तर समुद्र माणसाला धुऊन नेतो म्हणतात. लहानपणी मी एकदा अंथरुणभर ओकले, तर आईनं ती चादर दिवसभर मागच्या अंगणात ठेवली, पण पाण्याला शिवली नाही. आणि ही रीटा भर दुपारी त्याचे शर्ट धुते? साहेब, लेन गेलाच नव्हता.”

“यादीत नाव आहे त्याचं.”

“यादी आदल्या दिवशी लिहितात. पहाटे कुणी उगवला नाही तर धक्क्यावर जो दिसेल त्याला चढवतात. नाव जुनंच राहतं.”

“कोणाला चढवलं, ते शोध,” साहेब म्हणाले.

त्या जहाजावरचे नऊ जण वारले होते. उरलेल्यांतल्या एकानं तोंडावर दार आपटलं. ऑड्री दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात! शेवटी त्यानंच वैतागून डेस मॅलोरीचा पत्ता दिला. डेसचं बोलणं तिनं लिहून आणलं आणि मला वाचून दाखवलं.

“पायात घरच्या सपाता होत्या, बाई! पाव आणायला निघालो होतो. लेन आला नाही, म्हणून मला मानगुटीला धरून चढवला. बायको तीन आठवडे पावाची वाट बघत बसली.”

“पोलिसांना का नाही सांगितलंत?”

“विचारलं कुणी? आम्ही परतलो तर जो तो म्हणे, समुद्रावरची माणसं सुटली. मग मी कशाला तोंड उघडू?”

मग ऑड्री रीटाकडे गेली. तिनं लेनला कधीच सोडलं होतं. “तो पिऊन वर पडला होता, म्हणून धुतलं मी,” ती म्हणाली. “संध्याकाळी बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी आत्याकडे जाऊन राहिला. मला वाटलं, जहाज चुकलं म्हणून तोंड लपवतोय.” मग ती खुर्चीत बसली. “पोरगी माझ्या धुण्याखालून गेली होती का हो? मला कुणी सांगितलंच नाही.”

आता मात्र ब्रॅडवेल साहेबांनी मला गोदामात जाऊ दिलं नाही. स्वतःच्या टेबलावर ठेवलं आणि चहाचा मग माझ्यावर. पुरावा म्हणून जपलेल्या मेविसच्या स्कार्फवरचं रक्त लेनकडून घेतलेल्या नमुन्याशी जुळलं. त्याच्या दारावर थाप दोन शिपायांनी मारली. ऑड्रीला तो हक्क नव्हता. ती बाहेर गाडीत हातमोजे घट्ट धरून बसली होती.

लेनला दोषी ठरवणाऱ्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी एडनाबाई काठी टेकत आल्या. त्यांना मला बघायचं होतं. साहेबांनी खुर्ची दिली, ऑड्रीनं मला उघडलं. त्यांनी एकेक करून कार्डं चाळली.

“एवढ्या माणसांची कार्डं केली माझ्या पोरीसाठी?”

“अठराशे चाळीस.”

“आणि मला वाटायचं, सगळे विसरले.” त्या रडल्या. मला डोळे नाहीत हे बरं, नाहीतर माझी कार्डं भिजली असती.

मित्रांनो, जुने कागद अडगळीत टाकताना एकदा तरी वाचा. आणि ‘याला विचारायची गरज नाही’ असं कुठे लिहिलेलं दिसलं, तर तिथंच आधी जाऊन विचारा. मला जपा असं मी म्हणत नाही, मी काय, लाकूड आहे. माझ्यात ज्यांची नावं आहेत त्यांना जपा.

ऑड्री चहा करायला उठली, तेव्हा एडनाबाईंची नजर टेबलाच्या कडेला ठेवलेल्या दुसऱ्या एका खणावर गेली. आजच सकाळी साहेबांनी तो गोदामातून परत मागवला होता.

“हा कोणाचा?”

“एका मुलाचा. एक्क्याऐंशी सालचा. आई आहे त्याची अजून.”

एडनाबाईंनी काठीनं ऑड्रीची खुर्ची टेबलाजवळ ढकलली.

“मग चहा मी करते, पोरी. तू वाच.”