बोळातली पावलं

"चाल. मागे वळून बघायचं नाही."

एवढं बोलून आप्पांनी डोळे मिटले आणि खुर्चीत ताठ बसले. मी चहाचे कप घेऊन दारातच थांबले. नवे बूट घालून कुणी बोळातून चालत असलं की कपबशीचा किणकिणाटसुद्धा आमच्या घरात खपत नसे. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मला हे कळलं होतं, आणि तेही शिंक येऊन.

बोळाच्या या टोकाला चिमणी उभी होती. चिमणी म्हणजे चांगली घसघशीत बाई. टपाल वाटायची. खांद्यावर पिशवी घेऊन ती गल्लीत शिरली की तिच्या हाकेने दुपारची झोपलेली माणसं उठून बसत. पण लहानपणी ती एका पायावर उड्या मारत चालायची, म्हणून आप्पांनी तिला चिमणी म्हटलं आणि ते नाव पुढे तिच्या अंगापिंडाला शोभेनासं झालं तरी सुटलं नाही. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड. आप्पा, म्हणजे माझे सासरे, असल्याच पायांचे बूट करत. आखूड पायाच्या बुटाला रबराचे थर लावून तळ जाड करायचा, आणि तो जाडपणा बघणाऱ्याच्या डोळ्यांत येऊ नये अशी वरची शिवण घालायची. मग गिऱ्हाइकाने कारखान्यापासून रस्त्यापर्यंतच्या बोळातून चालत जायचं. आप्पा बघायचे नाहीत, ऐकायचे. फरशीवर दोन्ही पावलं सारखी वाजली की बूट झाला.

चिमणी निघाली. एक पाऊल वाजलं. दुसरं घासत गेलं. मग पुन्हा एक वाजलं, आणि मला दिसलं की तिने हळूच भिंतीला हात लावला. तशीच ती टोकापर्यंत गेली आणि वळून ओरडली, "काका, झकास! पळायला सांगाल तर पळेन!"

आप्पांनी डोळे उघडले. "चिमणे, इकडे ये."

"अहो, नवे आहेत. पहिल्या दिवशी जरा अवघडतंच की."

"खोटं बोलायचं असेल तर आधी पायांना शिकवून ये."

मी तिच्या पायांकडे बघितलं. जाड तळ उजव्या बुटाला लागला होता. धडधाकट पाय आणखी उंच झाला होता आणि आखूड बिचारा होता तिथेच.

झालं होतं असं. आप्पांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. बोलणं हळूहळू परत आलं, पाय काठीच्या आधाराने चालू लागला, पण उजवा हात आला नाही. तरी माणूस हट्टी. डावा हात कशाला दिलाय, म्हणाले, आणि महिनोन्‌महिने जुन्या चामड्यावर डाव्या हाताने रापी चालवून बघितली. चामडं कापायचं ते रुंद पातं कितीदा तरी बोटात गेलं. जरा जमायला लागल्यावर पहिलं काम त्यांनी चिमणीचं घेतलं. आता आयुष्यभर त्यांचा रिवाज असा, की जाड करायचा बूट उजव्या हाताला ठेवायचा आणि साधा डाव्या हाताला. या वेळी डाव्या हाताला उजेड मिळावा म्हणून ते बाकाच्या पलीकडच्या बाजूला बसले. बूट मात्र नेहमीच्या जागी राहिले. उजव्या हाताचा बूट कुठला, हे त्यांनी बघितलंच नाही. इतकी वर्षं कधी बघावं लागलं नव्हतं.

त्यांनी चिमणीला बूट काढायला लावले. दोन्ही मांडीवर घेतले, तळांवरून डावा हात फिरवला. मग गळ्यातला कामाचा चामडी पट्टा डोक्यावरून काढायला गेले तर तो कानाला अडकला. मी पुढे झाले तसे म्हणाले, "राहू दे. एवढं तरी येतं मला."

पट्टा खिळ्याला टांगून ते काठी टेकत वर गेले. चहा तसाच राहिला.

माझे सासरे कानांवर जगणारे गृहस्थ होते. मी नवी होते तेव्हा त्या बोळात हौसेने एक लांबलचक चटई अंथरली. येणाऱ्या-जाणाऱ्याला बरं वाटेल, असा माझा विचार. संध्याकाळी चटई गुंडाळून माझ्या खोलीच्या दाराशी उभी होती आणि आप्पा जिन्याखालून सांगत होते, "सूनबाई, चटई छान आहे. पण तू माझ्या कानात कापूस घातलास." मला इतका राग आला की दोन दिवस मी पाय आपटत चालले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "राग ओसरला वाटतं. टाच हलकी पडतेय." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

आमचे हे लहानपणी शाळा बुडवून यायचे तेव्हा चपला हातात घेऊन जिना चढायचे, आणि आप्पा खालून विचारायचे, "आज अनवाणी का रे?" आणि माझ्या मुलीची चाहूल लागली तेव्हा मी अजून कुणाला, अगदी ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. मी जिना उतरत होते. आप्पा बुटाला टाके घालत होते. मान वर न करता म्हणाले, "पाऊल जपून पडतंय. उद्यापासून पाण्याच्या बादल्या मी चढवीन." मी तिथेच पायरीवर बसून रडले. आईला आपण सांगायच्या आधी कुणाला तरी कळावं, आणि ते सासऱ्यांना, ह्याची लाज वाटली होती की सुख, ते मला अजूनही नीट सांगता यायचं नाही.

तर असा हा माणूस वरच्या खिडकीत जाऊन बसला. कारखान्याला कुलूप. गिऱ्हाइकं यायची, मी दारातून परत पाठवायची. काही जण जुने बूट तसेच ठेवून जायचे, "बरे झाले की करतील," म्हणायचे. आमचे हे समजावत, "आप्पा, खूप केलंत. आता आराम करा."

"आरामात काय काय करायचं असतं?" आप्पा विचारत. थट्टेने नव्हे. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

हे मला रात्री म्हणाले, "खालची जागा कुणाला तरी देऊन टाकू. रोज ते कुलूप बघून त्यांना त्रास होतो."

"कुलूप बघून होतो की कुलूप आहे म्हणून होतो?"

"तुझं आपलं काहीतरीच," म्हणून ह्यांनी कूस बदलली. पण जागेसाठी माणूस बघून जायचा दिवस ठरला, आणि आप्पांनी हो-नाही काही केलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "सूनबाई, ती तुझी चटई आहे का अजून? बोळात टाक. फरशी गार लागते पायांना."

मी माळ्यावरून चटई काढली, झटकली आणि अंथरली. इतक्या वर्षांनी माझं म्हणणं खरं झालं होतं, आणि मला वाटत होतं की आपण एखाद्या आजारी माणसाच्या तोंडावर पांघरूण ओढतोय.

जागा बघणारा यायच्या आदल्या दुपारी चिमणी आली. मला ती आल्याचं कळलंच नाही, चटईने सगळा आवाज खाल्ला. कळलं ते ती बोळात ओरडली तेव्हा.

"वहिनी! हे काय घातलंय? कोण वारलंय का?"

मी धावत खाली गेले. तोवर बाईसाहेबांनी चटई गुंडाळून काखोटीला मारली होती. एका हातात ते चुकलेले बूट. तशीच ती जिना चढली. पायात जुने बूट, त्यांची टाच झिजलेली, त्यामुळे तिच्या चालीत तो जुना झोका परत आला होता.

"काका, उठा. बूट दुरुस्त करून द्या. मला टपाल वाटायचंय, खिडकीत नाही बसायचंय."

"दुसरीकडे टाक," आप्पा बाहेरच बघत म्हणाले. "माझ्याच्यानं आता नाही व्हायचं."

"होतं की नाही ते नंतर बघू. होत नाही की कुणी बघितलेलं चालत नाही?"

आप्पांनी मान वळवली. डाव्या हाताने त्यांनी आपोआप उजवा हात झाकला, तो दिसू नये तसा.

चिमणी पलंगाच्या कडेवर टेकली. आवाज उतरवून म्हणाली, "काका, मी पहिल्यांदा आले तेव्हा आईच्या कडेवर होते. एवढी मोठी घोडी, पण परक्यांसमोर खाली उतरायची नाही. सगळे पायांकडे बघायचे. आठवतं?"

"तू माझ्या अंगठ्याला चावली होतीस."

"हो ना. तुम्ही बूट घातलेत आणि मी जागची हलेना. तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

आप्पांनी नजर खिडकीकडे वळवली.

"म्हणालात, मी डोळे मिटतो, मग तर झालं? आणि मिटलेत. आईलाही मिटायला लावलेत. कुणी बघत नव्हतं म्हणून मी त्या बोळातून चालले."

मी दाराशी थबकले. माझी इतक्या वर्षांची समजूत, की नीट ऐकू यावं म्हणून आप्पा डोळे मिटतात. ऐकणं मागाहून आलं होतं. आधी नुसती एका पोरीची लाज राखायची होती.

चिमणीने बूट त्यांच्या मांडीवर ठेवले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. "चला. आता माझी पाळी. वहिनी, तुम्हीपण मिटा."

मग काठी वाजली. आप्पा जिना उतरत होते. आम्ही दोघी मागोमाग गेलो; चिमणी खरोखरच डोळे मिटून, माझा खांदा धरून. मी कुलूप काढलं. आप्पांनी पट्टा गळ्यात घातला, या वेळी कानाला अडकला तो ओढून सोडवला, आणि बाकाशी बसले. चुकीचा तळ सुटायला हवा होता. बूट एका हातात धरवेना, तो निसटून बाकाखाली गेला. आप्पांनी काठीने तो ओढून घेतला. मी खरं सांगते, एकच डोळा मिटला होता. माणसाच्या हातात रापी होती. दुसऱ्यांदा बूट निसटायला लागला तेव्हा मी हात पुढे केला आणि तो घट्ट धरला.

"डोळे मिटलेत ना?" आप्पांनी विचारलं.

"अगदी," मी म्हणाले.

"मग थोडा अलीकडे धर."

दुसऱ्या दिवशी जागा बघायला माणूस आला तेव्हा आप्पा आणि मी रबराच्या थरावरून भांडत होतो. ह्यांनी दारातून आत बघितलं आणि त्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं. चिमणीचे बूट संध्याकाळी झाले. बोळात दोन्ही पावलं सारखी वाजली. या खेपेला रस्त्याच्या टोकाला पोचूनही तिने मागे वळून काही ओरडून सांगितलं नाही. तशीच टपाल वाटायला निघून गेली.

पुढची कितीतरी वर्षं त्यांचा डावा हात आणि माझा उजवा मिळून एक कारागीर होता. भांडणं मात्र दोन कारागिरांइतकी व्हायची. "सूनबाई, टाका आहे की गाठोडं?" असं ते गिऱ्हाइकासमोर विचारायचे, आणि मी म्हणायची, "आधी तुम्ही तुमचा हात धुवा, खळ लागलीय, मग माझ्या टाक्याला बोट लावा." इतकी हसले-भांडले मी त्या खोलीत, की स्वयंपाकघर मला पाहुण्यासारखं ओळखू लागलं.

आप्पा गेले ते दुपारी, जेवून खुर्चीत बसल्या बसल्या. कुणी कुणाला कळवलं देव जाणे, पण संध्याकाळपर्यंत दाराशी बूटच बूट झाले. एक जाड, एक पातळ, अशा जोड्या. काही मी शिवलेल्या, काही माझ्या लग्नाच्याही आधीच्या. माणसं बूट काढून अनवाणी आत येत होती, आणि आमच्या घरात पहिल्यांदाच सगळी पावलं वाकडीतिकडी वाजत होती. लंगडत, झोके खात, भिंतीला धरून ती त्यांच्यापर्यंत जात होती. कुणी कुणाच्या पायांकडे बघत नव्हतं.

दिवेलागणीला त्यांना घेऊन गेले. उरलेले लोक एकेक करून परतायला लागले. मी कारखान्यात जाऊन आप्पांच्या खुर्चीत बसले. बाहेर बूट चढवले जात होते, नाड्या ओढल्या जात होत्या, आणि मग बोळातून एकेक जण सरळ, सारखा चालत रस्त्याला लागत होता. मी डोळे मिटले.

शेवटी चिमणी निघाली. अर्ध्या बोळापर्यंत मी ऐकलं.

"चिमणे," मी डोळे न उघडताच म्हणाले, "उजवी टाच झिजलीय. सोमवारी टाकून जा."

पावलं क्षणभर थांबली. "बरं, वहिनी," ती म्हणाली, आणि मागे वळून न बघता चालू लागली.