हळू आवाजाचे तीन महिने

माझ्या पोरानं, प्रसेनजीतनं, विमान चालवायचं ठरवलं तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर होता. दोन हजार पाच साल. नव्या विमान कंपन्या निघत होत्या आणि पायलट कमी पडत होते. बारावीला त्याचं गणित-विज्ञान होतं. लायसनला वय आड येत नव्हतं, पण डोळे, कान, काळीज ठणठणीत पाहिजे होतं.

आमच्या वडगावात भावकीत हसू झालं. माझा चुलतभाऊ ज्ञानू दारात येऊन म्हणाला, "यल्लाप्पा, या वयात माणूस चष्मा लावतंय, आणि तुझं पोरगं इमान उडवाय निघालं व्हय?"

"मी पन्नाशीत बाराखडी शिकलो, तवाबी तू हसलातास."

"बाराखडी जमिनीवर असती की रं!"

यावर मलाही हसू आलं. पण मनातून मला पोराचं पटलं होतं. माणसाला एखादी गोष्ट उशिरा सुचली म्हणून ती खोटी ठरत नाही.

मोठी वैद्यकीय तपासणी बेंगळूरला होती. तो परत आला आणि बूट न काढताच सोप्यात बसला. आमची सून संघप्रिया सरकारी दवाखान्यात नर्स आहे. कागद तिनंच वाचला.

"मामा, बाकी सगळं चांगलं आहे. कान कमी पडले."

"कान?" माझी बायको पारूबाई ओरडली. "माझ्या पोराचं कान? येवढं चांगलं ऐकू येतंय की त्याला!"

"आई, तुम्ही बोलता ते अख्ख्या गल्लीला ऐकू येतं."

खरी गोष्ट तीच होती. आमच्या घरात हळू कुणी बोलतच नव्हतं. मी तीस वर्षं फौंड्रीत साचे भरले. पारूबाई माझ्याशी बोलून बोलून मोठ्या आवाजाची झाली, आणि पोरगा दोघांच्यात वाढला. त्यामुळं त्याला कमी ऐकू येतंय हे आम्हाला कळायला वावच नव्हता. त्याचं काम फेटलिंग शॉपमध्ये. ओतलेल्या लोखंडाचा जादा भाग तिथं ग्राइंडरनं घासून काढतात. शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, सगळं हातांच्या खुणांनी चालतं. कंपनी कानात घालायला बोळे देते. पण बोळे घातलेला माणूस दिसला की कुणीतरी म्हणणारच, "काय रं, बाळंत झालास व्हय?" म्हणून सगळ्यांचे बोळे खिशात. प्रसेनचेही. तपासणीच्या आदल्या दिवशीसुद्धा तो पूर्ण पाळी करून गाडीत बसला होता.

डॉक्टरांनी तीन महिन्यांनी परत बोलावलं होतं. तोवर मोठ्या आवाजात जायचं नाही. गेलेलं थोडं परत येतं, थोडं येत नाही. किती येईल हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

मालकानं बिनपगारी रजा दिली, जागा राखून ठेवली. आणि संघप्रियानं घर हातात घेतलं. टीव्ही बारीक. मिक्सर लावायचा तर प्रसेननं आधी घरामागं परड्यात जायचं. हाका मारायच्या नाहीत, जवळ जाऊन बोलायचं.

"अवो, घर हाय का दवाखाना?" पहिल्या आठवड्यात पारूबाई कुजबुजत म्हणाली. म्हणजे तिला वाटलं ती कुजबुजतेय. संघप्रियानं लगेच ओठांवर बोट ठेवलं.

हळूहळू सगळ्यांना जमलं. मला सोडून. मला त्यांचं बोलणं ऐकूच येईना. जेवताना तिघं हसले की मीही मागून हसायचो.

"तुमी कशाला हसलासा?" पारूबाईनं एकदा कानाशी येऊन विचारलं.

"तुमी हसलासा म्हणून."

मग प्रसेन माझ्याशी शॉपमधल्या खुणांनी बोलायला लागला. पाणी पाहिजे, थांब, वर बघ, झालं. एवढ्यावर आमचं भागत होतं. पण शॉपमध्ये खुणा कामाच्या असतात. 'आज जीवाला बरं वाटंना' याला तिथं खूण नाही.

एका संध्याकाळी परड्यात बसलो होतो. त्यानं एकदम बोट वर केलं आणि वळचणीकडं दाखवलं. चिमणीचं घरटं होतं. पिल्लांच्या चोची उघडमीट होत होत्या. त्याचा चेहरा मी बघत राहिलो. लहानपणी जत्रेत पाळण्यात बसल्यावर असायचा तसा. मी मान हलवली, ऐकू आल्यासारखी.

"न्हाय आलं कान परत, तर?" मी विचारलं.

तो माझ्या कानाशी आला. "तर फौंड्री हाय की."

तीन महिने संपल्यावर कोल्हापुरात एका कानाच्या डॉक्टरांकडं आधी बघून घ्यायचं ठरलं. मीही बरोबर गेलो. काचेच्या खोलीत प्रसेनला बसवलं, कानावर यंत्र लावलं, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. त्यानं दाबलं की बाहेरच्या यंत्रावर बारीक दिवा लागत होता. तो कधी पटकन लागायचा, कधी थांबून. मी दिव्याकडंच बघत होतो.

डॉक्टर म्हणाले ते प्रसेननं मला कानाशी येऊन सांगितलं. बरंच परत आलं होतं. बेंगळूरला जायला हरकत नाही. पण मधे पुन्हा त्या आवाजात गेलात तर जबाबदारी तुमची.

अडचण तिथंच होती. बेंगळूरची तारीख दीड महिन्यानं होती, आणि मालकानं सोमवारपासून बोलावलं होतं. सोमवारी आला नाहीस तर जागा दुसऱ्याला देणार म्हणाला होता. प्रसेन म्हणाला, "जातो की, बोळं घालून. हसू देत. बेंगळूरला न्हाय म्हणालं तर हातची नोकरीबी जायची."

"बरं," मी माझ्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणालो. त्याचं चुकीचं नव्हतं.

यंत्र चालवणारी मुलगी माझ्याकडं बघून हसली आणि जवळ येऊन मोठ्यानं म्हणाली, "आजोबा, तुम्ही बसता का? इतक्या मोठ्यानं बोलताय, बघू तरी."

"मला काय इमान उडवायचं हाय!" म्हणत मी आत जाऊन बसलो. तिनं दार लावलं. बटणावर अंगठा ठेवून मी तयार होतो. एवढी शांतता मी कधी बघितली नव्हती. बराच वेळ गेला. पोरगी यंत्र सुरू करायला विसरली वाटतं, असं मनात आलं. मी काचेतून तिला हात केला, कधी सुरू करणार म्हणून.

तिनं प्रसेनकडं बघितलं. प्रसेननं खाली बघितलं.

तेव्हा मला कळलं, यंत्र मघापासून चालू होतं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "चल, गाडी चुकंल."

एसटीत दोघं शेजारी बसलो. पंचगंगेचा पूल गेला. त्यानं दोनदा माझ्याकडं बघितलं, मी खिडकीबाहेर. मला वाईट वाटलं होतं असं नाही. कान गेलेत हे मला माहीतच होतं. इतके गेलेत हे नवीन होतं, एवढंच. त्याला मात्र ते समोर बसून बघावं लागलं होतं.

बेंगळूरचा होकार, मग दोन वर्षांचं शिक्षण, बँकेचं कर्ज, वयाकडं बोट दाखवून नाही म्हणालेल्या दोन कंपन्या आणि शेवटी हो म्हणालेली तिसरी, हे सगळं पुढचं. त्या दिवशी त्यातलं काहीच आमच्या हातात नव्हतं.

शिरोलीचा, फौंड्रीचा थांबा आला आणि प्रसेन उठला. त्याचे ओठ हलले.

"काय?" मी म्हणालो.

पुन्हा हलले. मी मान हलवणार होतो, नेहमीसारखी. पण त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, वाकला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच घसा फोडून ओरडला,

"राजीनामा देऊन येतो, आबा!"

सगळी गाडी वळून बघायला लागली. कंडक्टरनं दोरीला हात घातला होता, तो म्हणाला, "द्या की पावणं, पर आधी उतरा."

हे मला मागच्या सीटवरच्या बाईनं ओरडून सांगितलं, तेव्हा मी एकटाच, सगळ्यांच्या मागून, हसलो.