नवरा रानात असताना

सोमवारी सकाळी तवोंगा अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती आणि चार वर्षांची लुसुंगु फोडलेले दाणे तितक्याच वेगानं तोंडात टाकत होती. "अगं, कालवणाला ठेव की मूठभर!" म्हणून तिनं लेकीचा हात धरला, तेवढ्यात नवरा बंदूक खांद्याला अडकवून बाहेर आला. खुंबो लुहांगा आमच्या छावणीतला वनरक्षक. पहाटे नदीपलीकडे कुणीतरी हत्तींवर गोळ्या झाडल्या होत्या आणि चौघांची तुकडी लगेच निघायची होती.

"वायरलेसची बॅटरी मेलीय," तो म्हणाला. "ही दुसरी घे, बाजारातून चार्ज करून आण. गुरुवारी ट्रक येईल, त्यातून पाठव."

"आणि तोवर?"

"तोवर मोठ्यानं ओरडू!" खुंबो हसला.

त्याच्यामागे तुकडीचा नायक जायरोसी उभा होता, आणि त्याला निरोप द्यायला आलेली त्याची बायको. बॅटऱ्या भरून ठेवणं खरं तर त्याचं काम. पण छावणीचं सौर पॅनेल वर्षभर फुटकं, आणि नवं द्या म्हणून वर पाठवलेल्या अर्जांना उत्तर नाही. "तेवढं कराच वहिनी," तो म्हणाला. "आमचा जीव आहे त्यात."

आमच्याकडे नवरा रानात गेला की बायकोनं घर सोडू नये, भांडू नये, परपुरुषाजवळ जाऊ नये. तिचं पाऊल वाकडं पडलं की रान नवऱ्याला परत देत नाही, म्हणतात. हा नियम शिकाऱ्यांच्या घरचा. आता त्याच शिकाऱ्यांची नातवंडं हत्ती राखतात, तरी बायकांच्या गळ्यातलं लोढणं कुणी काढलं नाही. आणि नवरा रानात काय करतो, याची चौकशी करणारा नियम मात्र कुठंच नाही हो!

बाजार बारा मैलांवर आणि बॅटरी धोंड्यासारखी जड. मंगळवारी शाळेचे म्सिस्का मास्तर तिकडंच निघाले होते. तवोंगा त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसली, बॅटरी मांडीवर घेऊन. मक्याच्या शेतातल्या तीन बायकांनी मान वळवून पाहिलं. संध्याकाळी बॅटरी भरून घरी आली आणि कोपऱ्यात ठेवली गेली.

गुरुवारी ट्रक आला नाही, डिझेल नव्हतं. शुक्रवारी पहाटे हस्तिदंत चोरणाऱ्यांची गोळी खुंबोच्या मांडीत शिरली. जायरोसी मुक्या वायरलेसचं बटण दाबत राहिला. दोघं मदतीसाठी पायी धावले. दीड दिवस खुंबो झाडाखाली रक्त गाळत पडला होता, पाणी मागत होता, लेकीचं नाव घेत होता. शनिवारी दुपारी सगळं संपलं.

दफनाला शहरातून वनखात्याचे मोठे साहेब आले. "निसर्गाचा वीर गेला," म्हणाले. नंतर जायरोसीला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "वायरलेस चालू होता ना?" जायरोसीनं होकार देऊन कागदावर सही केली, मागोमाग उरलेल्या दोघांनीही. नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती, त्याला पाच पोरं. साहेब जेवून गेले.

दुसऱ्या दिवशी लुहांगा भावकी चटयांवर बसली. खुंबोचा थोरला काका खाकरला.

"सूनबाई, मंगळवारी कुणाच्या सायकलवर होतीस?"

"म्सिस्का मास्तरांच्या. बॅटरी न्यायची होती, काका."

"बॅटरी म्हणे!" सासू एस्नात उसळली. "माझा लेक रानात मरतोय अन् ही दुसऱ्याच्या पाठीला चिकटून गावभर हिंडतेय! खाल्लंस ना गं माझ्या पोराला?"

"सासूबाई, ती बॅटरी त्यांच्याचसाठी होती हो! अजून घरात पडलीय. नायकांना विचारा, त्यांनीच सांगितलं होतं. भावोजी, बोला ना!"

सगळ्यांच्या माना जायरोसीकडे वळल्या. तो चटईची काडी उपसत राहिला.

तेव्हा बायकांच्या चटईवरून त्याचीच बायको उठली. न्याकौंगा म्हणतात तिला, बापाच्या कुळावरून. "मी सांगते. माझ्यासमोर सांगितलं यांनी. वायरलेस बंद होता. खुंबोला गोळीनं मारलं आणि मदत न येण्यानं मारलं. हिनं नाही."

"जायरोसी, खरं काय?" काकानं विचारलं.

जायरोसीनं बूट न्याहाळले. "दुःखानं भ्रमलीय ती," तो म्हणाला. "वायरलेस चालू होता."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! घर भावकीचं ठरलं, भांडीकुंडी, कोंबड्यासुद्धा. लग्नात सुनेच्या माहेरी गायी दिल्यात म्हणजे पोर आमच्या कुळाची, असं म्हणून एस्नातनं लुसुंगुला उचललं. पोर आईच्या लुगड्याचा काठ सोडेना. एकेक बोट सोडवावं लागलं. तवोंगा मातीत लोळली, काकाचे पाय धरले. "मला गुरांच्या गोठ्यात ठेवा, पण तिच्याजवळ ठेवा." कुणी ऐकलं नाही. मी तिथंच बायकांच्या चटईवर होते. मीही उठले नाही, आणि ही लाज आता माझ्याबरोबरच मातीत जाईल.

तवोंगा माहेरी गेली. दोनदा लेकीला पाहायला आली, दोनदा कुंपणावरून हाकलली गेली. तिसऱ्यांदा आली नाही. ती कुठं आहे, तिच्या भावालाही ठाऊक नाही. लुसुंगु आता आजीला आई म्हणते. आपल्या आईनं बापाला खाल्लं, हेही तिला शिकवून झालंय.

खुंबोच्या दफनानंतर महिन्याभरात पुन्हा गोळ्या ऐकू आल्या. जायरोसी बूट बांधत होता. दाराशी न्याकौंगा उभी होती. महिनाभर ती त्याच्याशी बोललीच नव्हती.

"वायरलेस?" तिनं विचारलं.

"दोन्ही बॅटऱ्या उतरल्यात."

"मग मी नेऊ बाजारात?"

"नको," तो घाईनं म्हणाला. "घरातून हलू नकोस. लोक बघतात."

"बरं. अन् तुम्ही परत आला नाहीत, तर मला काय विचारतील ते तुम्हाला ठाऊक आहे. मी खरं सांगेन. पण त्या दिवशी ज्याचं ऐकलं असतं असा एकच माणूस होता, आणि तो खोटं बोलला. माझ्या वेळी तर तो मेलेला असेल. मग माझ्यासाठी कोण बोलेल हो?"

जायरोसीनं बुटाची नाडी आवळली. बाहेर तुकडीनं हाक मारली. तो उठला, तिच्याकडे न बघता बाहेर पडला, आणि न्याकौंगानं पाचही पोरांना आत घेऊन दार लावलं.