पुढच्या चाकाचा खुळखुळा

लिफ्टकाकांनी मोटरसायकल विकली तेव्हा अख्ख्या गल्लीने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो लपवायचे कष्टही घेतले नाहीत. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. कितव्या मजल्यावर काय करकरतंय ते जिन्यात उभं राहून सांगायचा. आणि त्याच्याच गाडीचं पुढचं चाक कोपऱ्यावरच्या उखडलेल्या दगडांवर आलं की खडखड वाजायला लागायचं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! पोरं गाडीला ‘खुळखुळा’च म्हणायची. काका हसायचे, पण दुरुस्तीचं नाव काढायचे नाहीत.

गाडी का विकली असं कुणी विचारलं तर ते गुडघ्यांच्या नावावर बिल फाडायचे. गुडघे ठणठणीत होते. खरं कारण असं होतं की काकू गेल्यापासून घरी येणंच त्यांना जड झालं होतं.

काकू शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. पुढच्या खोलीत, खिडकीशी त्यांची खाट. खिडकी उंच होती, त्यामुळे पडल्यापडल्या दिसायचा तो आभाळाचा एक तुकडा आणि समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी. बघण्यासारखं काही उरलं नाही तसे त्यांचे कान तिखट झाले. पण ऐकायला तरी काय होतं? काकांना आवाज खपत नसे. बिजागऱ्या, पंखा, कपाटाचं दार, खाटेचे सांधे, सगळ्यांना वेळच्या वेळी तेल. ते स्वतःही मांजराच्या पावलांनी यायचे. असेच एकदा ते आत येऊन उभे राहिले. काकूंना वाटलं कुणी परकंच घरात शिरलं, आणि धडपडून उठायला गेल्या त्या खाली पडल्या.

त्याच सुमारास काकांनी गाडीचे पुढचे ब्रेकपॅड बदलले. घरीच, वर्तमानपत्र पसरून. मध्येच काकूंनी पाणी मागितलं, मग त्यांची कूस बदलून द्यायची होती. परत येऊन काकांनी उरलेलं काम घाईघाईत उरकलं आणि आवराआवर करताना कागदाखाली एक स्प्रिंग सापडली. पातळ पत्र्याची, बोटाच्या पेराएवढी. पॅडना वरून दाबून धरते, हलू देत नाही, एवढंच तिचं काम. काम संपल्यावर हातात सुटा भाग उरण्याची वेळ काकांवर आयुष्यात आली नव्हती. ते ओशाळले. उद्या बसवू, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाडी वाजतगाजत घरी आली आणि दारात चपला काढायच्या आत आतून काकूंनी विचारलं, “आलात?”

काकांनी संध्याकाळी स्प्रिंग बसवायला घेतली, तर काकू म्हणाल्या, राहू द्या, तुम्ही आल्याचं कळतं मला. काकांनी ब्रेक पुन्हा पुन्हा तपासला. नीट धरत होता. पॅड जरा लवकर झिजले असते, इतकंच. मग जन्मभर कमावलेलं नाव त्यांनी त्या एका ‘आलात’वरून ओवाळून टाकलं आणि गल्लीची चेष्टा सोसली.

काकू गेल्यावरही गाडी वाजतच राहिली. ती कोपऱ्यावरून इमानाने वर्दी द्यायची आणि आत वर्दी घ्यायला कुणी नसायचं. काका दारात चपला काढायचे आणि तसेच उभे राहायचे, कशाची तरी वाट बघत. ते सोसवेना म्हणून गाडी विकली. गाडी गेल्यावर तेल पाजलेलं ते मुकं घर खायला उठलं, ते वेगळंच.

गाडी घेतली होती चित्रकलेच्या बाईंनी. त्यांची शाळा टेकडीवर होती आणि रोजची पायपीट त्यांना झेपेना. गाडी बघायला आल्या तेव्हा त्यांनी फेरी मारली ती हमरस्त्यावर. गुळगुळीत रस्त्यावर खुळखुळा गप्प बसला, आणि काकाही गप्प बसले. फसवायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण स्प्रिंगचं सांगायचं तर काकूंचं सांगावं लागलं असतं, आणि परक्या माणसासमोर ते तोंडातून निघेना.

महिनाभराने काका दूध घेऊन घरी परतले, तर फाटकाशी गाडी उभी आणि गाडीशेजारी बाई. बाई चिडलेल्या होत्या, पण बोलत होत्या वर्गात बोलावं तसं, एकेक शब्द सुटा. पुढून असा आवाज येतो की हातपाय गार पडतात. एका मेकॅनिकने हँडलमधल्या बेअरिंगच्या गोळ्या बदलल्या. दुसऱ्याने पुढचे शॉक उघडून पुन्हा बसवले. आवाज जिथल्या तिथे. तिसरा आता ब्रेकची डिस्कच बदला म्हणतोय.

“काका, काय बिघडलंय ते सांगा, नाहीतर गाडी परत घ्या,” त्या म्हणाल्या.

परत घ्या, हे दोन शब्द काकांच्या मनात जरा जास्तच घोळले. आवाज कोपऱ्यावर परत आला असता. स्प्रिंग बसवली की तो कायमचा जाणार होता, आणि काकूंनी आपलासा केलेला असा हा एकच आवाज जगात शिल्लक होता. डिस्क बदलून बघा, एवढं म्हटलं असतं तरी तो आणखी काही दिवस जगला असता. काकांच्या जिभेवर आलं होतं ते.

पण बाई पुढे सांगतच होत्या. ब्रेक जरासा धरला की आवाज थांबतो, हे त्यांनी शोधून काढलं होतं. म्हणून त्या हल्ली शाळेतून निघाल्या की टेकडीचा सगळा उतार ब्रेकवर दोन बोटं ठेवूनच उतरत होत्या.

काकांच्या हातातली दुधाची पिशवी खाली टेकली. एवढा उतार ब्रेक धरून उतरायचा म्हणजे डिस्क तव्यासारखी तापणार, आणि ऐन वेळी ब्रेक दगा देणार. लिफ्टच्या कामात अशा ‘जरासं धरून ठेवण्या’ने काय होतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांचं मौन त्या उतारावर रोज बाईंच्या मागे बसून येत होतं.

ते खाली बसले. पॅडना नुसतं बोटाने ढकललं, तर ते दुधाच्या दातांसारखे हलले. ब्रेक धरला की ते डिस्कला चिकटतात, म्हणून आवाज थांबतो, काकांनी समजावलं. वर एक स्प्रिंग असते, ती नाही.

“मग पडली असेल कुठे तरी,” बाई म्हणाल्या.

“पडली नाही. घरात आहे.”

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“होतं,” काका म्हणाले, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. बाईंना नव्हे, चाकाला सांगावं तसं, मान वर न करता. काकूंचं पडणं, कागदाखालची स्प्रिंग, आणि ‘राहू द्या’. चुकलं माझं, तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, हेही म्हणाले. बाईंचा राग उतरला असावा, कारण दुधाची पिशवी त्यांनीच उचलून ओट्यावर ठेवली.

काका आत गेले. काकूंच्या औषधांच्या डब्यातून त्यांनी स्प्रिंग काढली, पुसली, पाना घेतला आणि बाहेर येऊन चाकापाशी बसले. पाना लावला आणि त्यांचा हात थांबला.

“बाई, बसवतो. पण त्याआधी एकदा कोपऱ्यापर्यंत जाऊन याल का? दगडांवरून, हळू. आणि इथे फाटकाशी थांबवा. मी आत असतो.”

इतकी वर्षं तो आवाज त्यांचा होता, पण ते कायम त्याच्यावर स्वार. घरात तो कसा येतो, हे त्यांना माहीतच नव्हतं.  बाईंनी हेल्मेट घातलं.

काका खाटेच्या कडेवर टेकले. मग आडवे झाले. आभाळाचा तुकडा, पाण्याची टाकी. गाडी लांब गेली आणि घर पुन्हा मुकं झालं. मग कोपऱ्यावरून तो आला. बाहेर सगळ्यांची डोकी उठवणारा तो खडखडाट इथे, उशीपाशी, अगदी बारीक होता. पेल्यात कुणी चमचा ढवळत यावं तसा. हळूहळू मोठा होत तो भिंतीच्या कडेने आला, अगदी खिडकीखाली आला, आणि फाटकाशी ब्रेक लागला तसा तुटला.

सगळं शांत झालं. आणि काकांना कळलं की काकू आवाज ऐकून हाक मारत नव्हत्या. आवाज चालू असेपर्यंत माणूस अजून रस्त्यावरच असायचा. तो थांबला की घरी पोचलेला असायचा. तो आवाज थांबण्याची वाट बघत काकू रोज इथे पडलेल्या असायच्या.

“आलात?” काकांच्या तोंडून निघून गेलं.

खिडकीखालून बाई म्हणाल्या, “हो, आले.”

कुणीही म्हटलं असतं तसंच म्हणाल्या त्या. पण काकांना रडू आलं. काकू गेल्या तेव्हा आलं नव्हतं, आणि त्यावरून नातेवाइकांत कुजबुजही झाली होती. आता ते उशीत तोंड खुपसून रडले, आणि बाई बाहेर गाडी पुसत बसल्या. गाडी काही एवढी मळली नव्हती.

मग काकांनी तोंड धुतलं आणि काम केलं. स्प्रिंग जागेवर बसवली, पॅड तिच्यावर दाबून पिन सरकवली, स्क्रू आवळला, ब्रेक चारदोनदा दाबून घट्ट झाल्याची खात्री केली. पॅड आता बोटाने हलेनात. उतारावर गिअर खाली घ्यायचा, ब्रेक धरून बसायचं नाही, असं त्यांनी बाईंना दोनदा बजावलं. बाईंनी विचारलं, अधूनमधून या बाजूला आले तर थांबू का? काका म्हणाले, थांबा, पण बेल वाजवा.

बाई निघाल्या. काका हातात तेलकट फडकं घेऊन फाटकाशी उभे राहिले. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि नुसते कान लावले. गाडी कोपऱ्यावरच्या दगडांवरून कधी वळली, ते त्यांना कळलं नाही.