अज्जाने दिलेलं फूल

मित्रांनो, मी एक जुनी कण्हेर आहे. चिटगुप्प्याच्या बाहेर, शाळेच्या वाटेवर एका शेताच्या कुंपणात मी उभी असते. उन्हाळा असो की पावसाळा, गुलाबी फुलांनी माझं अंग भरलेलं असतं. येणारे जाणारे म्हणतात, "काय फुललीय बघा!" आणि त्यांनी माझ्याकडे हात केला की माझ्या काळजात धस्स होतं. हसू नका. झाडाला कसली आलीय भीती, असं तुम्हाला वाटेल. पण मी मोठी भित्री आहे, आणि मला भीती वाटते ती माझीच. माझ्या पानात, फुलात, काडीत, चिकात, मुळात, सगळीकडे विष आहे.

माझा जन्म मादन हिप्परग्याच्या एका शेताच्या बांधावरचा. तिथे माझ्या आईला, मावश्यांना फार मान होता. शेळ्या यायच्या, हुंगायच्या आणि फुरफुरत मागे फिरायच्या. आमच्या आडोशाला आतली तूर सुखाने वाढायची. शेताचे मालक अमृतप्पा म्हणायचे, "ही कण्हेर हाय म्हणून मला राखणदार ठेवायची गरज न्हाई." तेव्हा मला माझ्या विषाची लाज वाटत नव्हती. विष होतं म्हणूनच तर आम्ही राखण करत होतो.

मग अमृतप्पांच्या मुलीचं, गुरुबाईचं लग्न ठरलं. सासर चिटगुप्प्याचं, बाजारात किराणा दुकान असलेलं घर. निघायच्या दिवशी सकाळी ती बांधावर आली आणि तिने माझी एक फांदी छाटली; तेव्हापासून ती फांदी म्हणजेच मी.

अमृतप्पा म्हणाले, "ही कामून न्यायलीस गं? मोगरा ने की."

"मोगरा काय बारा म्हैने फुलतो का, अप्पा? तिकडं मामंजींना रोज पूजेला फुलं लागतात. अन् ही बघितली की मला आपलं रान दिसंल."

तिचे डोळे भरून आले होते. अशा वेळी बाप काय बोलणार? त्यांनी माझा बुडखा ओल्या फडक्यात गुंडाळून दिला. पोलिस अ‍ॅक्शन होऊन हैदराबादच्या निजामाचं राज्य गेलं, त्याला अजून वर्ष झालं नव्हतं. दिवस मावळायच्या आत मुक्कामाचं गाव गाठायचं म्हणून गाडीवान बैलांना सारखा हाकत होता. रस्त्यात कुणी घोडेस्वार दिसला की गाडीतली माणसं बोलायची थांबायची. त्यांची भीती सरकारची होती की डाकूंची, मला ठाऊक नाही. मी मात्र गुरुबाईच्या मांडीवर पडून एकच विचार करत होते, की मला बांधाविना राहायचं कसं?

गुरुबाईने मला एका गंजलेल्या तेलाच्या डब्यात लावलं. अगोदर खिळ्याने डब्याच्या बुडाला भोकं पाडली, खाली खापराचे तुकडे घातले, मग शेतातली माती आणि वाळू. झाडं सांभाळणं तिच्या रक्तातच होतं म्हणा ना! ती रोज पाणी घालायची नाही. आधी मातीत बोट खुपसायची, आत कोरडं लागलं तरच तांब्या आणायची. अंगणातल्या उन्हात मी जोमाने वाढले आणि दुसऱ्या वर्षी फुलांनी लवून गेले.

तिचे सासरे बंडेप्पा रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून बसत. गळ्यातलं इष्टलिंग, म्हणजे शिवाचं लहानसं लिंग, डाव्या तळव्यावर घेत आणि त्यावर माझं फूल वाहत. "सूनबाई, तुझ्या कण्हेरीनं पूजा सजली बघ," असं ते म्हणाले की गुरुबाईपेक्षा मीच जास्त फुलायची. विष विसरायला लागले होते मी. देवाच्या माथ्यावर जाणाऱ्याला कोण विषारी म्हणेल?

पण फुलं नुसती घरच्यांनाच थोडी लागतात? गल्लीत सगळ्यांच्या पूजा. भल्या पहाटे कुणीतरी यायचं आणि मला ओरबाडून जायचं. गुरुबाईची सासू मल्लव्वा अंगणात उभी राहून हात नाचवायची. "देवाला वाह्यची फुलं बी चोरून! पुण्य कुणाला मिळायचं मग?" शेजारची राजूबाई तोंडाला पदर लावून हसायची, आणि तिच्याच अंबाड्यात माझं फूल असायचं.

एका दिवशी मल्लव्वाचा संयम सुटला. तिने डबा उचलायला लावला आणि मला घरात आणलं. माजघरात, देवळीच्या शेजारी, बंडेप्पा अज्जांच्या पूजेच्या पाटाजवळ.

तिथूनच माझ्या भीतीला सुरुवात झाली.

माजघर अंधारं होतं. वरच्या झरोक्यातून थोडं ऊन यायचं आणि लगेच निघून जायचं. मी उन्हाची बाई, मला ते कसं पुरावं? माझी पानं पिवळी पडायला लागली. मल्लव्वाला वाटलं मला तहान लागलीय, ती येता जाता पाणी ओतायची. मातीचा चिखल झाला, मुळं गुदमरली आणि पानं जास्तच गळायला लागली. गुरुबाईने एकदोनदा म्हणून पाहिलं, "अव्वा, हिला भायेर उन्हात ठेवू की." पण सासू म्हणाली, "ठेव, अन् फुलं गल्लीला वाट." झालं. विषय संपला.

पानं गळून जमिनीवर पडायची आणि त्याच जमिनीवर निलम्मा रांगायची.

निलम्मा म्हणजे गुरुबाईची लेक, त्या घरातलं पहिलं मूल. रांगता रांगता ती उभी राहायला लागली होती. दात येत होते, हिरड्या शिवशिवत होत्या. लाकडी चमचा, चिंध्यांची बाहुली, अज्जाचा म्हणजे आजोबांचा अंगठा, जे मिळेल ते तोंडात. ती माझ्या डब्याला धरून उभी राहायची, माझ्याकडे बघून खुदकन हसायची आणि माझी पाचावर धारण बसायची. मित्रांनो, तुम्हाला पाय आहेत. भीती वाटली तर तुम्ही मागे सरता. मला नुसती पानं आवळून धरता आली असती तरी मी देवाचे उपकार मानले असते.

त्या घरात कण्हेरीचा गुण कुणाला ठाऊक नव्हता असं नाही हो! सगळ्यांना ठाऊक होतं. शेळी हिला तोंड लावत नाही, हे मल्लव्वाच दहा वेळा बोलली होती. पण ते शेतातल्या कण्हेरीविषयी. घरातली मी म्हणजे देवाची कण्हेर. ती आणि मी एकच, हे कुणाच्या मनातच आलं नाही.

आणि सगळ्यात मोठी भीती मला अज्जाची वाटायची, ज्यांचा निलम्मावर सगळ्यात जास्त जीव होता.

रोज पूजा झाली की ते नातीला मांडीवर घेत. तिच्या एका हातात लिंगावरचं फूल देत, दुसऱ्या हातात खडीसाखर. "डोळ्यांना लाव," म्हणत. ती दोन्ही हात डोळ्यांना लावायची. मग खडीसाखर तोंडात जायची आणि फूल गुरुबाईच्या केसांत. एकदा कसलासा कडवट काढा तिने थुंकला, तेव्हा अज्जांनी लाडाने समजावलं होतं, "ते काढ्याचं ठीक हाय, पण देवाचं कधी थुंकू नये बाई. अज्जानं दिलेलं कधी टाकायचं न्हाई." लेकरू शहाणं. तेवढंच पक्कं धरून बसलं.

रोज सकाळी मी तिच्या दोन हातांकडे बघत राहायची. साखर आत, फूल बाहेर. हुश्श! आजचा दिवस गेला.

श्रावणातला बाजाराचा दिवस होता. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं आणि त्यांचा मुलगा, गुरुबाईचा नवरा सोमशेखर बाहेरून हाका मारत होता, "अप्पा, चला की!" अज्जांनी घाईत पूजा आटपली. खडीसाखरेची डबी उघडली तर रिकामी. "राहू दे, उद्या दोन देतो," म्हणून त्यांनी नातीच्या हातात नुसतं फूल ठेवलं आणि ते गेले.

निलम्माने फूल डोळ्यांना लावलं. दुसऱ्या हाताकडे बघितलं, तिथे काहीच नव्हतं. मग तिने फूल तोंडात घातलं.

कडू लागलं. तिचं तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं. थुंक, पोरी, थुंक! मी सगळ्या पानांनी ओरडत होते. पण अज्जाने दिलेलं टाकायचं नव्हतं ना. तिने मान हलवत हलवत ते चावलं आणि गिळलं. वर माझं एक गळलेलं पान उचलून तेही चघळलं. चुलीपाशी भाकरी थापण्याचा थप थप आवाज चालला होता. माझ्याशिवाय कुणी काही बघितलं नाही.

थोड्या वेळाने ती ओकली. मग पुन्हा ओकली. मग रडायचीही थांबली आणि मल्लव्वाच्या खांद्यावर मान टाकून पडली.

"दृष्ट लागली गं माझ्या लेकराला!" मल्लव्वाने मीठमिरच्या आणायला लावल्या. राजूबाई धावत आली, तीच ओवाळायला लागली. मिरच्या चुलीत तडतडल्या. मी मात्र त्या बायांच्या पाठीमागे उभी. मीच आहे हो, मीच! एकदा तरी मागे वळून बघा!

गुरुबाई लेकीचं तोंड पुसत होती. फडक्यावर तिला पाकळीचा गुलाबी तुकडा दिसला. तिने वर मान केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. ती नजर मी आजही विसरलेली नाही.

"अव्वा, दृष्ट न्हाई ही! पोरीनं कण्हेर खाल्लीय!"

दुकानातून अज्जा अनवाणी पळत आले. "फूल मीच दिलं हातात," एवढंच ते सारखं बोलत होते. सोमशेखरने टांगा आणला. गुरुबाई, सोमशेखर आणि अज्जा लेकराला घेऊन दवाखान्याकडे गेले. राजूबाई गल्लीच्या तोंडाशी जाऊन वाट बघत उभी राहिली. घरात मल्लव्वा आणि मी, दोघीच उरलो.

परातीत भिजवलेलं पीठ तसंच होतं. निलम्माची बाहुली माझ्या डब्याला टेकून पडली होती. मल्लव्वा भिंतीला पाठ लावून माझ्याकडे बघत बसली. ती शिव्या देती तर बरं झालं असतं. रस्त्यावर टांग्याचा आवाज आला की ती उठायची आणि माझा जीव मुळात जायचा. टांगा पुढे निघून जायचा. ती पुन्हा बसायची. ते लेकरू गेलं तर मी काय करू? मला तर मरताही येत नव्हतं. मी आपली फुलं घेऊन तशीच उभी.

दिवेलागणीच्या आधी टांगा दाराशी थांबला. गुरुबाई आत आली. तिच्या खांद्यावर निलम्मा निपचित.  माझ्यापुढे सगळं काळं झालं.

तेवढ्यात खांद्यावरून बारीक आवाज आला, "अज्जा..."

झोपली होती हो! नुसती झोपली होती. डॉक्टरने नळी घालून पोट धुतलं होतं, दिवसभर नाडी धरून बसला होता. "वेळेवर कळलं म्हणून वाचली," असं तो म्हणाल्याचं गुरुबाई सांगत होती आणि सांगता सांगता हुंदके देत होती.

आता मल्लव्वा उठली. तिने कोयता घेतला आणि माझ्या फांद्या सपासप तोडल्या. मला दुखलं, पण मी रागावले नाही. मग तिने फांद्या कवेत घेतल्या आणि ती चुलीकडे निघाली. "जाळून टाकते अवदसेला!"

 मला जाळायचं तर जाळा, पण चुलीत नको! माझा धूरही वाईट असतो आणि लेकरू तिथेच निजलंय!

"अव्वा, थांबा!" गुरुबाईने सासूचा हात धरला. "आमच्या रानात हिचं सरपण कुणी करत न्हाई. धूर बी बाधतो."

मल्लव्वाच्या हातातून फांद्या गळून पडल्या आणि ती तिथेच बसून रडायला लागली. "मीच आणली गं हिला घरात. फुलासाठी."

अज्जांनी खाली पडलेल्या फांद्या उचलल्या. ते म्हणाले, "झाडानं काय केलं? ते बांधावरचं झाड, आपण पाटाजवळ आणलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गाडीत घालून इथे, आपल्या शेताच्या कुंपणात लावलं. फांद्यांना खोल खड्ड्यात पुरलं. नंतर विहिरीवर जाऊन हात चोळून चोळून धुतले.

घरात माझ्या जागी काही ठेवलं नाही. अंगणात मोगरा आला, गवती चहा आला, पानाचा ओवा आला. पूजेला मोगरा आणि बेल. राजूबाई मोगराही चोरते म्हणे. चोरू दे बाई, चोर.

मित्रांनो, घरात झाडं जरूर लावा. डब्याच्या बुडाला भोक पाडा, मातीत बोट घालून मगच पाणी द्या, ज्याला ऊन हवं त्याला ऊन द्या. पण आणण्याआधी ते झाड कोण आहे हे विचारा. घरात रांगतं लेकरू आहे का, दाराशी वासरू आहे का, ते बघा. नुसती फुलं बघून मला घरात नेऊ नका, हात जोडते. मला बांधावरच राहू द्या, इथे मी कामाची आहे.

परवा वाटेने माणसं बोलत गेली, की हैदराबाद राज्य संपलं, आता आपण म्हैसूरमधी. त्यांच्या मागून निलम्मा शाळेतून येत होती. वाटेत तिला घ्यायला अज्जा आले होते आणि त्यांच्या कडेवर तिचा धाकटा भाऊ होता. कुंपणाशी येताच त्या चिमुरड्याने माझ्याकडे झेप घेतली. एक पाकळी त्याच्या मुठीत आली आणि मूठ तोंडाकडे निघाली. 

निलम्माने झटकन त्याचं मनगट धरलं, बोटं उलगडली, पाकळी फेकून दिली आणि आपल्या परकराने त्याचा हात पुसला. मग मास्तरणीसारखं बोट दाखवून ती म्हणाली, "कडू लागलं की थुंकायचं. कुणी बी दिलं तरी. अज्जानं दिलं तरी!"

"व्हय," अज्जा म्हणाले, "अज्जानं दिलं तरी."

आणि तिघे हात धुवायला विहिरीकडे गेले.